फसव्या गवताची ओळख

गहू पेरला आणि शेतात भलतेच गवत माजले, तर शेतकरी काय म्हणेल? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील पुष्कळ शेतकरी म्हणत, की कडक थंडीत गव्हाचेच गवत होते! त्या गवताला त्यांनी नाव दिले 'चीट', म्हणजे फसव्या. खरा प्रकार साधा होता. ब्रोमस सिकॅलिनस या तणाचे बी गव्हाच्या बियाण्यात मिसळलेले असे. थंडीने गहू मरे, तण मात्र तगून राही.

पुढे हेच नाव त्याच्या एका भावंडाला चिकटले. ते म्हणजे ब्रोमस टेक्टोरम, 'चीटग्रास'. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. युरोपात हे गवत शाकारलेल्या छपरांवरही उगवे, म्हणून 'टेक्टोरम', छपरांचे.

आता दोघांत फरक कसा करायचा? पर्णकोश (पानाचा खोडाला वेढणारा भाग) बहुतेक गवतांत एका बाजूने उघडा असतो. ब्रोमसमध्ये तो नळीसारखा बंद असतो. पण ही खूण दोघांतही सापडते, तेव्हा तेवढ्यावर थांबता येत नाही. चीटग्रासची पाने व पर्णकोश मखमलीसारखे लवदार, तुरा एका बाजूला झुकलेला, कुसळे सेंटीमीटरभर किंवा अधिक लांब आणि पिकताना सारे झाड जांभळट. सिकॅलिनसची कुसळे आखूड, कधी मुळीच नसतात. कुसळाला इतके महत्त्व आपण एरवी फक्त म्हणीतच देतो!

म्हणूनच नुसत्या 'चीट' या नावावरून जुनी नोंद वाचणे धोक्याचे. रिचर्ड मॅक या संशोधकाने १९८१ मध्ये चीटग्रासच्या आक्रमणाचा इतिहास मांडला, तेव्हा वनस्पतिसंग्रहांतील वाळवलेले नमुने मोलाचे ठरले. प्रत्येकावर गाव आणि तारीख. ब्रिटिश कोलंबियातील स्पेन्सेस ब्रिज, १८८९. वॉशिंग्टनमधील रिट्झव्हिल, १८९३. यूटातील प्रोव्हो, १८९४. गव्हाच्या बियाण्यातून, रेल्वेच्या कडेकडेने ते पसरले. बेसुमार चराईने मूळची बहुवार्षिक गवते खचली होती आणि उघडी पडलेली जमीन त्याला आयतीच मिळाली. १९३० च्या सुमारास पश्चिमेकडील कुरणांचा मोठा भाग त्याने व्यापला होता.

हे वर्षायू गवत शरद ऋतूत उगवते आणि उन्हाळा लागताच वाळून कोळ होते. मग एक ठिणगी पुरते. तिथल्या सेजब्रश झुडपांना जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटवे येत नाहीत. चीटग्रासचे मातीत उरलेले बी मात्र पुढच्याच शरदात रुजते.