लॉर्ड पीटर विम्झी आणि हॅरिएट वेन : आरोपीच्या पिंजऱ्यापासून सुरू झालेली प्रेमकथा

हेरकथेत प्रेम जितके कमी तितके बरे, असे मत इंग्रज लेखिका डोरोथी एल. सेयर्स यांनी १९२८ मध्ये रहस्यकथांच्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत मांडले होते. तपासात लक्ष घालायचे सोडून तरुणींमागे रेंगाळणारे नायक त्यांना मुळीच मान्य नव्हते. मात्र, दोनच वर्षांनी त्यांनी स्वतःच्याच हेराला प्रेमात पाडले. १९३० ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजी रहस्यकथेत वेगळ्या ठरल्या, त्या याच नियमभंगामुळे.

सेयर्स यांचा जन्म १८९३ मध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. तेथीलच सॉमरव्हिल कॉलेजात त्यांनी आधुनिक भाषांचा अभ्यास केला आणि १९१५ मध्ये प्रथम श्रेणी मिळवली. परंतु ऑक्सफर्ड विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. तो नियम १९२० मध्ये बदलल्यावर प्रथम पदवी मिळालेल्या स्त्रियांत सेयर्स यांचा समावेश होता. पुढे लंडनमधील एका जाहिरात संस्थेत नोकरी करीत असताना त्यांनी 'हूज बॉडी?' (१९२३) ही पहिली विम्झी-कादंबरी प्रसिद्ध केली.

लॉर्ड पीटर विम्झी हा ड्यूक ऑफ डेन्व्हरचा धाकटा भाऊ. एका डोळ्यावर भिंगाचा चष्मा, दुर्मीळ ग्रंथांचा नाद आणि तोंडी अखंड थट्टा, असे त्याचे वरकरणी रूप. पहिल्या महायुद्धाने त्याच्या मनावर केलेला आघात या थट्टेआड दडलेला आहे. युद्धात त्याच्या हाताखाली असलेला बंटर आता त्याचा सेवक आणि तपासातला कुशल छायाचित्रकारही आहे.

उपकाराचे ओझे

'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) ही कादंबरी न्यायालयातच उघडते. हॅरिएट वेन या रहस्यकथा लेखिकेवर पूर्वीच्या प्रियकराला आर्सेनिक, म्हणजे सोमल, देऊन मारल्याचा आरोप आहे. नव्या कादंबरीसाठी माहिती हवी म्हणून तिने खोट्या नावांनी विष विकत घेतलेले असते आणि तोच तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरतो. विवाहावाचून ती त्या पुरुषाबरोबर राहिली होती, हेही त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने तिच्या विरोधातच जाते.

त्या काळी इंग्लंडमध्ये ज्युरीचा निर्णय एकमतानेच व्हावा लागे. बहुमताचा निर्णय ग्राह्य धरणारा कायदा तेथे १९६७ मध्ये आला. कादंबरीतील ज्युरीचे एकमत होत नाही, खटला पुन्हा चालवायचे ठरते आणि निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी पीटरला जेमतेम महिनाभर मिळतो. तुरुंगातील पहिल्याच भेटीत तो हॅरिएटला लग्नाची मागणी घालतो.

पीटरचे लग्न लावून त्याच्या कथांना पूर्णविराम द्यावा, असा सेयर्स यांचा मूळ बेत होता, तो त्यांनी पुढे एका लेखात सांगितलाही. पण लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आले, की प्राण वाचवणाऱ्याला ही स्त्री मन मोकळे ठेवून होकार देऊच शकणार नाही. निर्दोष सुटलेली हॅरिएट नकार देते. प्रेमाआड उभी असते ती कृतज्ञता. खलनायक, घराणे वा गैरसमज यांची गरजच उरत नाही.

बरोबरीचा शोध

'हॅव हिज कारकेस' (१९३२) मध्ये समुद्रकिनाऱ्याने पायी भटकणाऱ्या हॅरिएटला एका खडकावर गळा चिरलेला मृतदेह दिसतो. रक्त अजून गोठलेले नाही आणि भरती चढू लागली आहे. देह वाहून जाणार हे ओळखून ती छायाचित्रे घेते, पुरावा गोळा करते. बातमी कळताच पीटर धावत येतो आणि दोघे मिळून एक सांकेतिक पत्र उलगडतात. कामात ती त्याची सहकारी झालेली असते. मनातला सल मात्र तसाच राहतो आणि एका कडाक्याच्या भांडणात तो उघडा पडतो.

या सलाचे उत्तर 'गॉडी नाइट' (१९३५) मध्ये मिळते. ऑक्सफर्डमधील श्रूजबरी या काल्पनिक स्त्री-महाविद्यालयात निनावी, विषारी पत्रांचे सत्र सुरू होते. कादंबरीत खून नाही. पणाला लागते ते विदुषींचे नाव आणि विद्येशी त्यांची निष्ठा. बुद्धी आणि संसार यांत स्त्रीला एकाचीच निवड करावी लागते काय, हा प्रश्न हॅरिएटला तपासाइतकाच छळतो. धोका वाढल्यावरही पीटर तिला माघारी बोलावत नाही. उलट स्वसंरक्षणाचे धडे देतो. तिचा जीव धोक्यात घालण्याचा तिचा हक्क तो मान्य करतो आणि उपकाराचे पारडे तेथेच हलके होते. अखेरची मागणी विद्यापीठाच्या पदवीदान विधीतील लॅटिन शब्दांत घातली जाते आणि होकारही त्याच भाषेत मिळतो. वाचकांना त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागले होते.

'बसमन्स हनिमून' आधी नाटक म्हणून १९३६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि १९३७ मध्ये कादंबरी झाले. मधुचंद्राच्या घरातच तळघरात प्रेत सापडते. गुन्हेगार पकडला जातो; पण त्याला फासावर पाठवण्यास आपण कारण झालो, या जाणिवेने पीटर कोसळतो. आता आधार द्यायची पाळी हॅरिएटची असते.

पडद्यावर

बीबीसीने १९७२ ते १९७५ दरम्यान इयान कारमायकेल यांना घेऊन विम्झीच्या पाच कथा सादर केल्या. मात्र त्यांत हॅरिएट नव्हती. तिची कथा १९८७ च्या मालिकेत आली. एडवर्ड पेथरब्रिज आणि हॅरिएट वॉल्टर यांनी पहिल्या तीन कादंबऱ्या दहा भागांत साकारल्या. चौथीचा त्यात समावेश नसल्याने पडद्यावरची गोष्ट होकारापाशी थांबते.

सेयर्स यांचे १९५७ मध्ये निधन झाले. त्यांनी अपुरी ठेवलेली 'थ्रोन्स, डॉमिनेशन्स' ही कादंबरी जिल पॅटन वॉल्श यांनी पूर्ण केली आणि ती १९९८ मध्ये प्रकाशित झाली. या मालिकेकडे नव्याने वळणाऱ्यांनी चारही कादंबऱ्या प्रकाशनक्रमानेच वाचाव्यात. गुन्हेगार कोण, हे प्रत्येक पुस्तकात कळते. हॅरिएट नकार का देते आणि होकार का देते, हे मात्र ओळीने वाचल्याशिवाय कळत नाही.