पट भरला तर भाषा

ऑगस्ट १९४९ मध्ये कल्याणजवळच्या लष्करी छावणीला नवं नाव मिळालं. ८ तारखेला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले आणि ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभ्या केलेल्या तिथल्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं राहत होती. त्याच महिन्यात प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक ठराव झाला. प्राथमिक शाळेत एखाद्या वेगळ्या मातृभाषेची ४० मुलं असतील, किंवा एका वर्गात १० असतील, तर त्यांना त्यांच्या भाषेतून शिकवण्यासाठी निदान एक शिक्षक द्यावा. या दोन घटनांचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यात मुलांच्या भाषांचं शाळेत पुढे काय झालं, हे समजून घ्यायचं तर या ‘दहा-चाळीस’च्या हिशेबाचं बोट धरून मागे जावं लागतं. आणि मागे गेलं की पहिलं गाव लागतं ते बदलापूरच्या शेजारचं मुरबाड.

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ यांचा जन्म १८०३ साली मुरबाडचा. १८४० नंतर मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात ते होते, आणि तिथेच या इलाख्यातला माध्यमाचा पहिला मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हायला हवा होता. नाना शंकरशेठ आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांचं म्हणणं होतं की सामान्य रयतेपर्यंत विद्या पोचायची तर ती तिच्याच भाषेतून पोचेल. १८४७-४८ चा तो वाद आजही वाचावा असा आहे, कारण आपण आजही तेच मुद्दे बोलतो. नानांची बाजू मला मनापासून पटते. मात्र त्या वादाने एक गृहीतक पक्कं केलं आणि ते दोन्ही बाजूंना मान्य होतं: एका शाळेची भाषा एकच असते. मराठी मुलांची मराठी शाळा, गुजराती मुलांची गुजराती शाळा, वर इंग्रजी. एकाच बाकावर तीन भाषांची मुलं बसली तर काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या डोळ्यापुढे नव्हता.

त्याच सुमारास सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. १८४३ साली इंग्रजांनी तो जिंकला, १८४७ पासून त्याचा कारभार मुंबईकडे आला आणि १९३६ पर्यंत राहिला. मराठी वाचकांच्या ध्यानात सहसा नसलेली ही गोष्ट आहे. जवळजवळ नव्वद वर्षं सिंधी मुलांचं आणि मराठी मुलांचं शिक्षण खातं एकच होतं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून बी. ए. होणाऱ्याला पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळायची. फाळणीनंतर कॅम्पात उतरलेल्या माणसांपैकी कित्येकांच्या ट्रंकेत ही पदवी होती.

सिंधी शाळेत कोणत्या लिपीत शिकवायची, यावर तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांचं एकमत नव्हतं. कॅप्टन जॉर्ज स्टॅकने १८४९ मध्ये सिंधीचं व्याकरण छापलं ते देवनागरीत. साताऱ्याहून सिंधचे कमिशनर म्हणून गेलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८५३ साली ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली आणि सरकारी शाळांत तीच चालली. तरी हिंदू व्यापाऱ्यांच्या घरात वेगळीच लिपी होती. ती वाणिको, खुदाबादीच्या कुळातली. चोपड्या लिहायला सोयीची, पण तिच्यात काना-मात्रा नव्हत्या, त्यामुळे लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याला वाचणं अवघड. या लिपीला शाळेजोगं रूप देण्याचं काम १८६८ साली सिंधच्या शिक्षण खात्यातले उपनिरीक्षक नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे आलं. सिंधी मुलांसाठी लिपी घडवायला बसलेला हा मराठी माणूस आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. कराचीत मात्र त्यांच्या नावाची शाळा अजून उभी आहे, एनजेव्ही हायस्कूल. वैद्यांची लिपी फार टिकली नाही, अरबी वळणाचीच चलती राहिली. पण मूल कोणत्या अक्षरांत शिकतं त्यावर ते कुणाचं मानलं जाईल हे ठरतं, हा पेच तेव्हाच मांडला गेला होता.

तोच पेच ८० वर्षांनी उल्हासनगरच्या बराकीत उतरला. निर्वासितांमध्ये शिक्षक होते, मुलं होती, आणि पट कधीच अपुरा नव्हता. दहा-चाळीसचा नियम ज्यांच्या बाबतीत सहज लागू पडावा असे ते लोक होते, कारण ते एका जागी, एका भाषेचे, एका संकटातून आलेले होते. सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या, पुढे महाविद्यालयंही आली. १९६१ मध्ये तलरेजा, १९६५ मध्ये चांदीबाई. घरदार, जमीन, दर्गे, नदी सगळं मागे राहिलेल्या या समाजाने इथे आल्यावर शाळा मागितली आणि स्वतः उभारली, याबद्दल मला खूप आदर वाटतो.

पण लिपी कोणती? १९५० मध्ये भारत सरकारने सिंधीसाठी देवनागरी मान्य केली. जयरामदास दौलतराम यांच्यासारखी मोठी माणसं त्या बाजूची होती. नव्या देशात मुलांना इतर भाषा शिकणं सोपं जाईल, हा त्यांचा विचार. उलट लेखक-शिक्षकांपैकी अनेकांना वाटलं की शंभर वर्षांचं छापील सिंधी वाङ्मय मुलांच्या हातून जाईल. १९५१ मध्ये दोन्ही लिप्या चालतील असा निर्णय झाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. प्रत्यक्षात एका भाषेची मुलं दोन लिप्यांत विभागली गेली.

हे वर्गात कसं दिसतं ते जरा जवळून पाहू. अरबी वळणाची सिंधी वही उजवीकडून उघडते. तिच्यातलं वाक्य डावीकडे सरकतं, पण मधेच बेरीज आली की आकडे डावीकडून उजवीकडे मांडायचे. पुढच्या तासाला मराठीची वही काढायची, ती डावीकडून. आठ-नऊ वर्षांचं पोर दिवसातून कितीदा तरी ही दिशा बदलतं आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. देवनागरी सिंधीत दिशा बदलावी लागत नाही, पण चार अक्षरांखाली रेघ येते: ॻ, ॼ, ॾ, ॿ. हे आवाज श्वास आत ओढून काढायचे. मराठी कानाला ते ग, ज, ड, ब असेच ऐकू येतात, आणि मराठी बाईंना वाटतं मुलाचा उच्चार चुकतोय.

त्याच बाईंनी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या तर? सिंधी मूल मोजतं: हिकु, ॿ, टे, चारि, पंज, छह, सत, अठ, नव, ॾह. शेजारी आपलं एक ते दहा. खाली हथु, नकु, कनु आणि त्यांच्या शेजारी हात, नाक, कान. सत-सात, अठ-आठ, नकु-नाक. सिंधीत पहिला स्वर ऱ्हस्व राहतो तिथे मराठीत तो दीर्घ होतो, हे चौथीतली मुलं स्वतः शोधून काढतील. दोन्ही भाषा प्राकृतांच्या एकाच घराण्यातल्या आहेत हे त्यांना सांगावंसुद्धा लागणार नाही. असा फळा लिहायला पैसे लागत नाहीत, माहिती असलेला शिक्षक लागतो. आपण शिक्षकांना हे कधी शिकवलं नाही, कारण आपल्या हिशेबात सिंधी मुलाची सोय सिंधी माध्यमात झालेली होती.

शेजारच्या अंबरनाथला हा हिशेबच कोलमडला. तिथे आगपेट्यांचा विमको कारखाना, मग ऑर्डनन्स फॅक्टरी, रसायनांचे कारखाने. माणसं केरळ, तमिळनाडू, आंध्र, पंजाब, उत्तर प्रदेश अशी कुठूनकुठून आली. घरात मल्याळम, गल्लीत मराठी, मैदानावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी, असं बालपण इथे सर्रास दिसतं. पण इतक्या भाषांत विखुरलेल्या मुलांचा पट एकेका भाषेसाठी भरायचा कसा? १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं निघू लागली, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आवारात एक आलं. बदलीच्या नोकरीतल्या आईबापांची त्याने मोठी सोय केली, हिंदी आणि इंग्रजीवर. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर राहिली.

आणि बदलापूरच्या आसपास, डोंगरालगतच्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकर मुलं आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या बोलीचं माध्यम नाही, तिची माध्यम म्हणून नोंदच नाही, तेव्हा दहा मुलं असोत की चाळीस, मोजणी सुरूच होत नाही. त्यांच्या बोलीला मराठी समजलं जातं आणि मग त्या मराठीत चुका काढल्या जातात. पहिलीतलं मूल गप्प बसलं की ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो. मला या तिन्ही शहरांच्या शिक्षणातली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते. सिंधी मुलाला निदान भाषेसाठी भांडणारे मोठे लोक मिळाले, या मुलांना कोणी मिळालं नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं चरतात त्या कुरणात नेली. मूल येत नसेल तर शाळेने जावं, हा त्यांचा विचार अंगणवाडीच्या रूपाने देशभर गेला. आपल्याच जिल्ह्यातलं हे काम असून भाषेच्या बाबतीत मात्र आपण तो धागा पुढे नेला नाही.

१९६७ साल सिंधीसाठी भाग्याचं. १० एप्रिलला ती आठव्या अनुसूचीत आली, आणि त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झालेल्या बालभारतीच्या भाषांत तिलाही जागा मिळाली. पण त्यानंतरच्या दोन पिढ्यांत सिंधी माध्यमाच्या शाळा आटत गेल्या. आईबापांनी व्यापारासाठी, पोटासाठी इंग्रजी निवडली, घरात हिंदी शिरली. त्यांना दोष देता येत नाही. दरम्यान तिन्ही शहरांची वस्ती २०११ च्या जनगणनेपर्यंत नऊ लाखांवर गेली. बराकीतल्या शाळेत आता भोजपुरी, अवधी, मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारी मुलं येतात. “बाई, वो पानी गरम होतंय ना, मग भाप बनके वर जातंय,” असं उत्तर इथे कोणत्याही वर्गात ऐकू येईल. त्यातलं विज्ञान बिनचूक असतं.

लछमण खूबचंदानी हे भाषाशास्त्रज्ञ कराचीत जन्मले, फाळणीनंतर पुण्यात स्थिरावले. आपल्याकडे भाषा एकमेकींत मिसळून वाहतात, त्यांना कप्प्यांत घालणारं शिक्षण लोकांच्या बोलण्याशी फारकत घेतं, असं त्यांनी आयुष्यभर मांडलं. ‘प्लुरल लँग्वेजेस, प्लुरल कल्चर्स’ हे त्यांचं पुस्तक १९८३ चं. धोरण करणाऱ्यांनी त्यांना पुरेसं ऐकलं असं दिसत नाही. २०२० मध्ये सर्व माध्यमांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे आदेश एप्रिल आणि जूनमध्ये निघाले आणि २९ जूनला मागे घेतले गेले. ते मागे घेणंही योग्यच होतं. पण दोन्ही वेळा चर्चा झाली ती कोणती भाषा आत घ्यायची याची. मुलं जी भाषा घेऊन आलीच आहेत, तिचं काय करायचं हा विषय निघालाच नाही.

त्या भाषेची नोंद मात्र शाळेकडे असते. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरात ‘मातृभाषा’ असा रकाना भरतात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो उतरतो. भोजपुरीच्या जागी बहुधा ‘हिंदी’ लिहिलं जातं, कातकरीच्या जागी ‘मराठी’. लिपिकाने तो रकाना घाईत न भरता आईला विचारून भरावा, आणि जूनमध्ये वर्ग भरायच्या आधी वर्गशिक्षकाला त्याची यादी मिळावी. शिक्षकांच्या जूनमधल्या प्रशिक्षणात एक दिवस त्या यादीतल्या भाषांसाठी ठेवावा: कातकरी मूल ‘घर’, ‘पाणी’, ‘भूक’ कसं म्हणतं, सिंधी मूल कसं मोजतं, भोजपुरी मूल क्रियापद कुठे ठेवतं. अंबरनाथ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांपासून याची सुरुवात येत्या जूनमध्ये करता येईल. त्यासाठी पट दहाचा की चाळीसचा, हे पाहायची गरज नाही.