साडेसहा म्हणजे किती इंग्रजी?

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं होतं, "सर, मुलीला आयईएलटीएसमध्ये साडेसहा बँड मिळाला. म्हणजे शंभरात किती हो?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे 'म्हणजे किती' असं कुणी विचारलं की मी आधी 'म्हणजे काय' इथेच अडतो. तर आज ते उत्तर देतो. फक्त जरा मागून सुरुवात करावी लागेल.

साल १९१३. केंब्रिज विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. मुख्यतः इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी ती होती. परीक्षा किती वेळाची? बारा तासांची! इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, मग उलट भाषांतर आणि व्याकरण, दोन तासांचा निबंध, तीन तास इंग्रजी साहित्य, दीड तास उच्चारशास्त्र. वर श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण. फी तीन पौंड. पहिल्या वर्षी बसले तीन जण, आणि तिघेही नापास. पण या गमतीपेक्षा त्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा बघा. इंग्रजी येणं म्हणजे काय, याचं एक उत्तरच त्यात दडलेलं आहे. साहित्य वाचलेला, निबंध लिहिणारा, शुद्ध उच्चाराचा सुसंस्कृत माणूस, त्याला इंग्रजी येतं. स्टेशनवर तिकीट काढता येतं की नाही, हे कुणी विचारलेलं नाही.

पन्नास वर्षांनी अमेरिकेत उत्तर बदललं. तिथल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला होता. इतक्यांचे निबंध तपासणार कोण? १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली, ती पर्यायी उत्तरांची. ऐका, चार पर्यायांतला एक निवडा, गोळा काळा करा. व्याकरण, शब्दसंग्रह, वाचन, सगळं तसंच. मोजणी यंत्राने. आज तपासलं काय नि उद्या तपासलं काय, गुण तेच. याला विश्वासार्हता म्हणतात, आणि ती काही लहान गोष्ट नाही. पण या परीक्षेत उमेदवाराने तोंड उघडायचंच नव्हतं! जॉन कॅरल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच म्हणून ठेवलं होतं, की भाषेचे सुटे सुटे तुकडे तपासून भागणार नाही, ती एकसंध वापरतानाही तपासली पाहिजे. बोलणं हा टोफेलचा सक्तीचा भाग झाला तो २००५ च्या इंटरनेट आवृत्तीत. म्हणजे चाळीसएक वर्षांनी. तेव्हा चार विभाग, प्रत्येकी ३०, एकूण १२० असे गुण ठरले. त्याआधी संगणकावरच्या आवृत्तीत तेच ३०० पैकी होते. आकडा बदलला म्हणून कुणाचं इंग्रजी बदललं नव्हतं.

ब्रिटिशांनी वेगळी वाट धरली. १९८० मध्ये त्यांनी जी परीक्षा आणली तिचं म्हणणं असं, की डॉक्टरला लागणारं इंग्रजी वेगळं, इंजिनियरला लागणारं वेगळं. म्हणून विषयवार प्रश्नपत्रिका. कल्पना सुंदर, चालवायला अवघड. १९८९ मध्ये तिचीच सुधारून आयईएलटीएस झाली, आणि १९९५ नंतर विषयवार भाग गेले ते गेलेच.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. ऐकणे आणि वाचणे यांत चाळीस-चाळीस प्रश्न, प्रत्येकी एक गुण. चाळीसपैकी साधारण तीस बरोबर आले की बँड सात. नीट बघा, हे नवातले सात आहेत, टक्के नव्हेत. एखादा संच जरा कठीण निघाला तर कोष्टक थोडं सरकवतात. लेखनात दोन प्रश्न, दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तपासणारा चार गोष्टी पाहतो: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मुद्दे सुसंगत आहेत का, शब्दसंपदा, आणि व्याकरण. चारही समान. व्याकरण फक्त चौथा हिस्सा, हे आपल्याकडच्या मुलांना पटतच नाही. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, समोरासमोर. मग चार विभागांची सरासरी काढून ती अर्ध्या बँडपर्यंत पूर्ण करतात. सव्वासहा आले तर साडेसहा, पावणेसात आले तर सात. आणि पास-नापास? ते या परीक्षेत नाहीच. ते ठरवतो दारावर बसलेला माणूस.

आता या दारावरच्या माणसाचा इतिहास फार बरा नाही. १८९७ मध्ये नाताळने, म्हणजे गांधीजी तेव्हा होते त्या वसाहतीने, कायदा केला. येणाऱ्याला कुठल्यातरी युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे. कायद्यात हिंदी माणसाचं नावही नव्हतं, पण रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळत होतं. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तेच उचललं: पन्नास शब्दांचं श्रुतलेखन, आणि भाषा अधिकारी निवडणार. १९०९ नंतर त्यात एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा पत्रकार आला. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं! पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. पण परीक्षा १९५८ पर्यंत चालूच होती.

आजच्या परीक्षा तशा नाहीत. त्या प्रामाणिकपणे मोजतात, असं माझं मत आहे. पण मोजणं एकाचं आणि उंबरठा दुसऱ्याचा, ही विभागणी तीच राहिली. मीही पेपर तपासले आहेत. चौतीसचे पस्तीस करताना मी मोजत नव्हतो, ठरवत होतो, हे मला माहीत आहे.

समजा, सांगलीची एक नर्स आहे. ऐकणे साडेसात, वाचणे सात, लेखन साडेसहा, बोलणे साडेसात. सरासरी सव्वासातच्या थोडी खाली, म्हणून एकूण बँड सात. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेची अट मात्र प्रत्येक विभागात सात. म्हणजे लेखनातल्या अर्ध्या बँडने नोंदणी अडली. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर परिषदेने लेखनाची अट साडेसहावर आणली. निकालपत्र दोन वर्षं धरतात, तेव्हा त्या वर्षीचाच तोच कागद आता चालला. तिच्या इंग्रजीत एका शब्दाची भर पडली नव्हती.

तेव्हा काका, मुलीचं साडेसहा शंभरात किती हे विचारू नका. ती जिथे अर्ज करते आहे त्यांची अट काढा, एकूण बँडची आणि चारही विभागांची वेगवेगळी, आणि निकालपत्र घेऊन शेजारी ठेवा. मग मला फोन करा.