घरबसल्या सुट्टीचे उन्हाळे

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि त्याच दिवसापासून सारा देश दारे लावून घरात बसला. पुढल्या दोन महिन्यांचे सगळ्यांचे बेत एका रात्रीत मोडले. मुंबईच्या चाकरमान्याला मे महिन्यात कोकणातले घर गाठता आले नाही, ठरलेली लग्ने पुढे गेली, गावोगावच्या जत्रा भरल्या नाहीत, आणि आज आपण जमलो आहोत तसले व्याख्यानांचे मांडवही त्या वसंतात ओस राहिले. आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीला एरवी कुलूप असे. त्या एप्रिलात ते निघाले. सकाळी तेथे कुरडयांची वाळवणे पडू लागली, संध्याकाळी बेताबेताने अंतर राखून खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या, आणि दहा दहा वर्षे एकच जिना चढणाऱ्या शेजाऱ्यांस एकमेकांची नावे कळली. आम्हांस तो उन्हाळा, खरे सांगावयाचे तर, गोड वाटला. पण त्याच दिवसांत असंख्य मजूर डोक्यावर बोचकी घेऊन भर उन्हात गावाकडे पायी चालले होते. त्यांना वगळून आमच्या गच्चीची गोष्ट सांगणे बरे नव्हे.

सरकारनेच लोकांस ‘यंदा कोठे जाऊ नका, घरीच मौज करा’ असे सांगावे, याचा इतिहासात एक मोठा दाखला आहे. तो दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडचा. आमच्या गच्चीवर बसून आम्हांस तो वारंवार आठवे.

इंग्लंडात समुद्रकाठची सुट्टी ही काही श्रीमंतांचीच चैन नव्हती. लँकाशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत उन्हाळ्यात एक आठवडा सबंध गावच्या गिरण्या बंद राहत, आणि गावच्या गाव उठून ब्लॅकपूलच्या किनाऱ्याला जाई. मे महिन्यात गिरणगाव कसे कोकणात रिकामे होई ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. मात्र त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. त्यासाठी वर्षभर आपल्याकडील भिशीसारख्या मंडळांत पैसा पैसा साठवावा लागे. पगारी सुट्टीची मागणी कामगारांनी वर्षानुवर्षे चालविली, तेव्हा कोठे १९३८ साली तिचा कायदा झाला. कायदा तसा मवाळच. वेतन ठरविणाऱ्या मंडळांना आठवडाभर पगारी सुट्टी देण्याचा अधिकार त्याने दिला आणि बाकीच्यांस शिफारस केली. तरीही पुढल्या वर्षापर्यंत सुमारे एक कोटी दहा लाख कामगार अशा सुट्टीचे हक्कदार झाले होते. आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले! पिढ्यान् पिढ्यांनी मागितलेला घास हातात आला आणि तोंडापाशी अडला.

१९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कहून फौजा माघारी आल्या. मे महिन्यातील आणि ऑगस्टातील, अशा दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या सरकारने रद्द केल्या. दक्षिण व पूर्व किनाऱ्यांवर काटेरी तारा पसरल्या, वाळूत सुरुंग पेरले गेले. समुद्रात दूरवर गेलेले करमणुकीचे धक्के शत्रूला उतरावयास उपयोगी पडू नयेत म्हणून मध्येच तोडले गेले. स्टेशनांवरील भित्तिपत्रके उतारूला विचारीत, ‘तुमचा प्रवास खरोखरच जरुरीचा आहे काय?’ १९४२ च्या जुलैत खाजगी मोटारींचे उरलेसुरले पेट्रोलही बंद झाले.

मग सरकारने नगरपालिकांना पुढे घातले. सुट्टी घ्या, पण गावातच घ्या, असा प्रचार सुरू झाला. बागांतून पितळी वाद्यांचे बँड वाजू लागले, उघड्यावर नाच होऊ लागले; पोहण्याच्या शर्यती, भाजीपाल्याची प्रदर्शने, बाहुल्यांचे खेळ असे कार्यक्रम लागले. एरवी वाळूत मुलांना पाठीवर घेऊन फिरणारी गाढवे शहरातल्या हिरवळीवर आली. लोकांनी नाके मुरडली आणि गेलेही. वरून ठरवून दिलेल्या मौजेत थोडा शाळेच्या कवायतीचा वास असतोच. ब्लॅकपूलला जाणाऱ्या गाड्या तर युद्ध संपेपर्यंत गच्च भरून जात राहिल्या.

पण दोन गोष्टी अशा घडल्या की, त्यांतून लोकांना खराखुरा आनंद मिळाला. आणि मौज अशी की, त्या दोन्हींचा हेतू आनंद हा नव्हताच. पहिली, घड्याळाची. १९४१ च्या मे महिन्यापासून उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे ग्रिनिचच्या वेळेपेक्षा तब्बल दोन तास पुढे ठेवण्यात आली. हेतू इंधन वाचविण्याचा व कारखान्यातील माणसांना अंधाराआधी घरी पोचविण्याचा. परिणाम असा की, जूनच्या मध्यावर लंडनमध्ये सूर्य रात्री सव्वादहाच्या पुढे मावळे. रात्री दिवा बाहेर दिसू द्यावयाचा नाही, असा कडक नियम असलेल्या देशात कामावरून परतलेल्या माणसाला तीन-चार तासांचे ऊन फुकट मिळाले. त्या उजेडात लोकांनी क्रिकेट खेळले, मटारच्या वेलांना पाणी घातले, किंवा नुसतेच दारात बसले.

दुसरी गोष्ट कठड्यांची. युद्धसामग्रीसाठी लोखंड हवे म्हणून बागांभोवतालचे लोखंडी कठडे कापून नेण्यात आले. लंडनमधील कित्येक चौकांतल्या बागा तोवर भोवतालच्या घरवाल्यांच्या मालकीच्या व कुलूपबंद असत. कठडे गेले आणि शेजारच्या गल्लीतील मुले सरळ हिरवळीवर शिरली. बिहारात मोतिहारीस जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल याने १९४४ साली ‘ट्रिब्यून’ पत्रात याच विषयावर लिहिले, ते कठडे परत येऊ लागलेले पाहून. लोखंड नाही तर लाकडाचे. पण कुंपण हवेच!

त्याच १९४४ च्या २९ जुलैचा शनिवार पाहण्यासारखा आहे. लंडनवर उडते बाँब पडत होते. लॉर्ड्सच्या मैदानावर भूसेना आणि हवाई दल यांचा सामना चालू असता एक बाँब घरघरत आला. खेळाडू जमिनीवर पालथे झाले. तो जवळच कोसळून फुटला. सगळे अंग झटकून उठले आणि फलंदाज रॉबर्टसनने लगेच षटकार मारला. ही गोष्ट क्रिकेटच्या पुस्तकांतून कौतुकाने येते. त्याच दिवशी, तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर, पॅडिंग्टन स्टेशन तीन तास बंद ठेवावे लागले, कारण पश्चिमेकडे जाऊ पाहणाऱ्यांची एवढी रेटारेटी झाली की, फलाटांवर पाय ठेवावयास जागा उरली नाही. जादा गाड्या सोडण्यास मनाई होती. षटकार पाहणारे धीराचे आणि स्टेशनात घुसणारे भ्याड, असा निवाडा आम्ही तरी करणार नाही. कित्येकांना बाँबपासून पोरे दूर न्यावयाची होती, कित्येकांना पाच वर्षांपूर्वी मिळालेला आपला आठवडा हवा होता.

आणखी एक नोंद करणे भाग आहे. घरच्या भाजीने आणि काटेकोर रेशनने ब्रिटन भागवून घेत होते, त्याच साम्राज्याच्या बंगालात १९४३ साली दुष्काळाने वीस ते तीस लाख माणसे मेली. साध्यासुध्या आनंदाचा इतिहास लिहावयास बसले की, तो कोणाच्या वाट्यास आला हा प्रश्न असा मध्येच येऊन उभा राहतो.

युद्ध संपले. सुरुंग काढून किनारे मोकळे होऊ लागले, माणसे पुन्हा समुद्राकडे धावली. दोन तास पुढचे घड्याळ १९४७ च्या इंधनटंचाईत एकदा परत आले आणि मग कायमचे गेले. काही चौकांच्या बागा सार्वजनिक झाल्या. काहींना अजूनही कुलूप असून किल्ली भोवतालच्या रहिवाशांपाशी असते.

आमच्या गच्चीचे कुलूप पुढल्या पावसाळ्यानंतर पुन्हा लागले. पाण्याच्या टाकीची काळजी म्हणून, असे सांगण्यात आले. चार खुर्च्या अद्याप वरच आहेत; त्या खाली आणावयाच्या तर आधी किल्ली मागावी लागेल.