अंगणात आलेली शाळा

प्राथमिक शाळेत कलेचे प्रयोजन काय, असा प्रश्न निघाला की वार्षिक स्नेहसंमेलन आणि चित्रकला-स्पर्धा यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. परंतु भिन्न जातीजमातींची, भिन्न बोलींची बालके एकत्र नांदवण्यासाठी कला हे केवढे समर्थ साधन आहे, याचा वस्तुपाठ सुमारे आठ दशकांपूर्वी महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर घडला.

भावनगर येथे १९२० साली गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धती मौलिक होती, परंतु तिची साधने महाग. खेड्यातील बालकांना ती कोठून परवडणार? म्हणून १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती हीच तेथील शैक्षणिक साधने ठरली.

तथापि हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या भगिनींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या संकल्पनेचा उगम तो हाच. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. गाणी, गोष्टी, नाच आणि हस्तकाम यांच्या वाटेने ही मुले अक्षरांपर्यंत पोहोचली.

या वारली बालकांच्या घरी कलेची मुळीच वाण नव्हती. लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत आणि त्यात पालघट देवी विराजमान होई. तारप्याच्या सुरावर अख्खा पाडा फेर धरी. ज्या मुलास पाठ्यपुस्तकाची भाषा परकी वाटे, त्यास हा वारसा आईच्या मांडीवरच लाभलेला असे. घरच्या या ठेव्याला शाळेत मान मिळाला, तरच मूल तेथे रमते. अन्यथा ते गप्प बसते आणि एके दिवशी यायचे थांबते.

पुढे वारली चित्रकला जगभर पोहोचली. जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री लाभली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही कलेस शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. आज शहरांतील अनेक शाळांच्या भिंतींवर वारली आकृत्या शोभतात, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र त्या भिंतीच्या आत वारली मूल इतरांच्या शेजारी बसते काय, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्याची कला भिंतीवर रंगवणे सोपे आहे. त्या कलेच्या धन्यास आपल्या पंक्तीला बसवणे, हे खरे शिक्षण. ताराबाई आणि अनुताई यांनी प्रारंभ केला तो या दुसऱ्या, अवघड कामापासून.