कावळ्यांचे मृत्यू, कायद्याची साखळी : बर्ड फ्लू प्रतिबंधाची यंत्रणा कशी चालते?

इंदूरच्या पलासिया भागाच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर डेली कॉलेजचा विस्तीर्ण व वृक्षाच्छादित परिसर आहे. डिसेंबर २०२०च्या अखेरच्या दिवसांत या परिसरात सुमारे ५० कावळे मृतावस्थेत आढळले. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आले आणि तपासणीत बर्ड फ्लूच्या ‘एच५एन८’ या विषाणूचे अस्तित्व सिद्ध झाले. केंद्र सरकारने भारत या रोगापासून मुक्त असल्याचे सप्टेंबर २०२० मध्येच घोषित केले होते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत राजस्थान, मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश आणि केरळमध्ये रोगाची केंद्रे आढळली. मध्य प्रदेशात इंदूरसह मंदसौर व आगर माळवा या जिल्ह्यांतही कावळे दगावले.

पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या समाजात कावळ्याच्या मरणाची दखल सहसा कोणी घेत नाही. इंदूरमध्ये ती घेतली गेली, म्हणून पुढील उपाययोजना शक्य झाली. प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा प्रतिबंध एका साखळीवर अवलंबून असतो आणि मृत पक्ष्याची वार्ता योग्य ठिकाणी पोहोचविणे ही तिची पहिली कडी आहे.

रोग आणि त्याचा प्रसार

बर्ड फ्लू हा ‘इन्फ्लुएन्झा ए’ गटातील विषाणूंमुळे होणारा पक्ष्यांचा रोग आहे. बदके व अन्य पाणपक्षी या विषाणूंचे नैसर्गिक वाहक मानले जातात. त्यांच्यातील अनेक पक्षी आजारी न दिसताही विष्ठेवाटे विषाणू बाहेर टाकतात. हिवाळ्यात मध्य आशियाई मार्गाने लाखो स्थलांतरित पक्षी भारतात उतरतात. कावळा हा मृतभक्षक पक्षी असल्याने मेलेले पक्षी, कत्तलीचा कचरा किंवा दूषित पाणी यांतून त्याला लागण होते. त्यामुळे वस्तीत एकाच वेळी अनेक कावळे मरणे ही धोक्याची पूर्वसूचना समजली जाते.

माणसाला होणारी लागण विरळ असली तरी गंभीर असते. हाँगकाँगमध्ये १९९७ साली ‘एच५एन१’ची १८ जणांना लागण झाली आणि त्यांपैकी ६ जण मृत्यू पावले. जागतिक आरोग्य संघटनेकडे २००३ पासून नोंद झालेल्या या विषाणूच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. भारतात जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात एका बालकाचा यामुळे मृत्यू झाला. इंदुरात आढळलेला ‘एच५एन८’ त्या वेळी माणसाला होत नाही असा समज होता. मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियाने कुक्कुटपालन केंद्रातील सात कामगारांना त्याची लागण झाल्याचे जाहीर केले.

कायदा काय सांगतो?

या क्षेत्रातील मुख्य कायदा म्हणजे ‘प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९’. त्याने १८९९चा ग्लँडर्सविषयक कायदा व १९१०चा डौरीन कायदा हे घोड्यांच्या रोगांसंबंधीचे ब्रिटिशकालीन कायदे रद्द करून देशभरासाठी एकच चौकट आणली.

अधिनियमाच्या कलम ४ नुसार, अनुसूचित रोगाचा संशय येताच प्राण्याचा मालक, तसेच प्राणी ज्यांच्या ताब्यात आहे अशी व्यक्ती, संस्था किंवा पंचायत यांनी ती माहिती ग्राम अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळविणे बंधनकारक आहे. तेथून ती पशुवैद्यकापर्यंत जाते. बाधित प्राणी निरोगी प्राण्यांपासून वेगळे ठेवणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. राज्य सरकार एखादा प्रदेश ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून अधिसूचित करून प्राण्यांच्या ने-आणीवर निर्बंध घालू शकते. मृत प्राणी नदी, तलाव वा कालव्यात टाकणे हा गुन्हा ठरतो.

यात एक उणीव जाणवते. कोंबडीला मालक असतो, कावळ्याला नसतो. शहरात रस्त्याकडेला पडलेला मृत पक्षी बहुधा कचरागाडीत जातो आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. म्हणून नागरिक, सफाई कामगार, महापालिका व वन खाते यांच्याकडून येणाऱ्या माहितीला कायद्याच्या अक्षरापलीकडचे महत्त्व आहे.

प्रयोगशाळा ते कारवाई

संशयित नमुन्यांच्या अंतिम निदानासाठी भोपाळ येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. बर्ड फ्लूसाठी या संस्थेला जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून मान्यता आहे.

पाळीव कोंबड्या वा बदकांमध्ये रोग सिद्ध झाल्यास केंद्राचा कृती आराखडा लागू होतो. संसर्गकेंद्रापासून १ किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश बाधित क्षेत्र, तर त्यापुढे १० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश सर्वेक्षण क्षेत्र ठरतो. बाधित क्षेत्रातील कोंबड्या नष्ट केल्या जातात, अंडी व खाद्य पुरले जाते आणि परिसराचे निर्जंतुकीकरण होते. या कामावरील कर्मचाऱ्यांना संरक्षक पोशाख व विषाणूरोधक औषध देऊन त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले जाते. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत मात्र पक्षी मारले जात नाहीत. तेथे सर्वेक्षण आणि आसपासच्या कुक्कुटगृहांची दक्षता यांवर भर असतो.

महाराष्ट्राला या कारवाईचा कटू अनुभव आहे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला आणि तेथील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या मृत्युमुखी पडले आणि त्यांना ‘एच५एन१’ची लागण झाल्याचे निष्पन्न झाले.

भरपाईचा प्रश्न

संपूर्ण कळप मारला जाईल या भीतीने मालकाने रोग लपविला तर कायदा निष्प्रभ ठरतो. यासाठी नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची व खाद्याची भरपाई दिली जाते आणि तिचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. मात्र रोगाने आधीच मेलेल्या कोंबड्यांना ही भरपाई लागू नाही. साहजिकच, माहिती जितक्या उशिरा दिली जाईल तितके मालकाचे नुकसान वाढते. दुसरीकडे, भरपाईचा दर अपुरा असला किंवा रक्कम हाती पडण्यास विलंब झाला, तर पुढील वेळी कोणी स्वतःहून पुढे येत नाही. वेळेवर दिलेली भरपाई ही म्हणूनच रोगप्रतिबंधाचीच उपाययोजना मानावी लागते.

गोव्यासाठी बोध

गोव्यातील चिकन व अंड्यांचा मोठा भाग शेजारच्या राज्यांतून येतो. त्यामुळे कर्नाटक वा महाराष्ट्रात रोग उद्भवल्यास सीमेवरील तपासणीला तातडीचे महत्त्व येते. इंदूरमधील सिरपूर तलावाप्रमाणेच कुडचडे येथील नंदा तळ्यालाही २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. करमळीच्या तळ्यावरही हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. अशा पाणथळींच्या जवळील परसातील कोंबड्या व बदके मोकळी सोडू नयेत, हा साधा नियम तेथे उपयोगी पडतो. संघटित प्रयत्नांना यश येते हे कुत्र्यांच्या लसीकरणाद्वारे रेबीजवर मिळविलेल्या नियंत्रणातून राज्याने अनुभवले आहेच.

नागरिकांनी काय करावे?

• एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास उघड्या हातांनी स्पर्श करू नये. पंचायत, पालिका किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.
• आजारी किंवा मेलेली कोंबडी कापू नये, विकू नये, ओहोळात टाकू नये.
• मांस व अंडी पूर्णपणे शिजवावीत. आतील भागापर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचल्यास विषाणू नष्ट होतो. कच्चे मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.
• पक्ष्यांच्या संपर्कानंतर ताप, खोकला वा धाप लागल्यास डॉक्टरांना त्या संपर्काची आवर्जून माहिती द्यावी.

नीट शिजवलेले चिकन खाल्ल्याने बर्ड फ्लू होत नाही, त्यामुळे अफवांवरून ते टाळण्याचे कारण नाही. मृत पक्ष्यांकडे दुर्लक्ष करणे मात्र महागात पडू शकते.