कोयनेलचं झाड

2020च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक कडुलिंब आहे, त्याच्यावर मनगटाएवढी जाड गुळवेल चढलेली होती. इतकी वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मग कुणीतरी ग्रुपवर काढ्याची कृती टाकली. पहिल्या आठवड्यात हाताला येतील तेवढी पानं गेली, दुसऱ्या आठवड्यात खालच्या फांद्या, आणि शेवटी कोणा पुण्यवंताने रात्रीत मूळ वेलच कमरेच्या उंचीवर कापून नेली.

गुळवेलीचं एक बरं असतं. तिचं संस्कृत नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. वर लटकत राहिलेला तुकडा दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो, ती जमिनीला टेकली की काम झालं. आमचीही आली परत. माणसांचं मात्र एवढं सोपं नव्हतं. 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने म्हटलं की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हेच नीट तपासलेलं नाही. तो वाद तज्ज्ञांना लखलाभ. पण मागणी एका महिन्यात आभाळाला भिडली की पिशवीत नेमकं काय येतं, हा प्रश्न जुनाच आहे. चारशे वर्षं जुना म्हणा ना.

तर आज त्या चारशे वर्षांबद्दल. झाडाचं नाव सिंकोना. त्याच्या सालीतून निघणारं औषध म्हणजे क्विनाइन, आपल्या आजी-पणजीचं कोयनेल. हिवताप ही काही करोनासारखी दोन वर्षांत आली-गेली अशी साथ नव्हे, तो मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा. मधूनच मात्र त्याचा भडका उडायचा. 1908 साली एकट्या पंजाबात हिवतापाच्या साथीने सुमारे तीन लाख माणसं गेली.

सिंकोनाचं मूळ घर अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर, कोलंबियापासून बोलिव्हियापर्यंत. कॉफीच्या आणि आपल्या कदंबाच्या कुळातलं झाड. जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात त्याची साल युरोपात नेली. पेरूच्या व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली अशी एक गोड गोष्ट होती. ती खोटी निघाली, पण 1742मध्ये लिनियसने तिच्यावरूनच झाडाचं नाव ठेवलं आणि ठेवताना पहिला एच खाल्ला! पुढे क्लेमेंट्स मार्कहॅम नावाच्या साहेबाने तो एच परत आणायला जिवाचं रान केलं, पुस्तक लिहिलं, काही उपयोग झाला नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. व्हेरिएबलच्या नावात एकदा टायपो गेला आणि ते चार ठिकाणी वापरलं गेलं, की तो टायपो अमर.

साल काढायची रीत सरळ होती. झाड पाडायचं, सोलायचं, साल वाळवून खेचराच्या पाठीवर लादायची. दक्षिण इक्वाडोरमधल्या लोखा भागातली साल सर्वोत्तम समजली जायची, ती स्पेनच्या राजाच्या औषधालयासाठी राखून ठेवलेली. 1820मध्ये पॅरिसला पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सालीतून क्विनाइन वेगळं केलं. यानंतर कुठल्या सालीत किती माल आहे ते मोजता यायला लागलं, आणि चांगली झाडं शोधून पाडणं आणखी सोपं झालं.

ब्रिटिश आणि डच दोघांनाही वसाहती टिकवायला क्विनाइन हवं होतं. त्यांचं म्हणणं असं की हे दक्षिण अमेरिकेतले लोक जंगल संपवताहेत, तेव्हा झाड वाचवायचं तर बी बाहेर न्यायलाच हवं. यात अर्धं सत्य होतं. झाडं बेसुमार तुटत होती हे खरं, पण बुंधा शाबूत ठेवला तर सिंकोना परत फुटतो, हेही तितकंच खरं. तिथल्या सरकारांनी बी बाहेर न्यायला मनाई केली होती. तेव्हा याला वाचवणं म्हणायचं की चोरी? माझं मत विचाराल तर चोरीच, नंतर उपयोगी पडलेली.

1860मध्ये रिचर्ड स्प्रूस याने इक्वाडोरमध्ये चिंबोराझोच्या उतारावरून लाल सालीच्या सिंकोनाच्या लाखभर बिया आणि सहाशेहून जास्त रोपं जमवली. तब्येत पार खलास झाली बिचाऱ्याची. रॉबर्ट क्रॉस ती रोपं घेऊन उटीला पोचला. स्वतः मार्कहॅमने पेरूतून आणलेली रोपं मात्र वाटेतल्या उकाड्यात मेली. निलगिरीत मॅकआयव्हर नावाच्या माळ्याने कमाल केली. त्याने झाड न पाडता सालीच्या उभ्या पट्ट्या काढल्या आणि उघड्या खोडावर ओलं शेवाळ बांधलं. साल परत आली, आणि तिच्यात अल्कलॉइड आधीपेक्षा जास्त! या सगळ्या गोष्टीत झाडाचा विचार करणारा मला हा एकच माणूस दिसतो.

पण या मळ्यांना जागा कुठून आली? निलगिरीच्या शोला जंगलातून. दोडाबेट्टा, नडुवट्टमचे उतार साफ झाले. नडुवट्टमला मजूर म्हणून मलायाकडच्या ब्रिटिश वसाहतींमधून आणलेले चिनी कैदी राबत. पुढे भाव पडले तसा सिंकोना गेला आणि चहा आला. जंगल काही परत आलं नाही. दार्जिलिंगजवळ मुंगपूला दुसरा मोठा मळा आणि कारखाना झाला. 1892पासून बंगालात पोस्टातून पैशाला एक पुडी या भावाने क्विनाइन विकायला लागले, हे मात्र मान्य करायला हवं. आपल्याकडे महाबळेश्वरला लिंगमळ्यातही सरकारने सिंकोना लावून बघितला होता, पण तिथला चार महिन्यांचा धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडं हे त्याला मानवलं नाही. धबधबा बघायला आपण जातो तेच हे लिंगमळा.

डचांचं नशीब वेगळं. आधी जावामध्ये त्यांनी भलत्याच जातीची लाखो झाडं लावली, ज्यात क्विनाइन जवळजवळ नाहीच. मग 1865 साल उजाडलं. बोलिव्हियातला मान्वेल इन्क्रा ममानी हा चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याचा नोकर. कुठलं झाड खरं, ते त्याला नजरेने कळायचं. एकेका वर्षी थंडीने मोहोर जळायचा, तरी त्याने वाट बघितली आणि अखेर बी आणून दिलं. ब्रिटिश सरकारने ते नाकारलं. डचांनी अर्धा किलोच्या आसपास बी किरकोळ किमतीला घेतलं. त्यातून आलेल्या झाडांच्या सालीत 13 टक्क्यांपर्यंत क्विनाइन निघालं! झाडाला नाव मिळालं लेजरियाना. लेजरला म्हातारपणी डचांकडून थोडं पेन्शनही मिळालं. मान्वेलला बी देशाबाहेर पाठवल्याबद्दल तुरुंगात टाकलं, मारलं, त्यातच तो गेला. ही ओळ मी दोनदा लिहून खोडली, कारण ती लिहिली की पुढचं सगळं हलकं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जगातलं 90 टक्क्यांच्या वर क्विनाइन एकट्या जावातून येत होतं. याला आम्ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. मार्च 1942मध्ये जपानने जावा घेतलं आणि पुरवठा बंद. अमेरिकेने आपले वनस्पतिशास्त्रज्ञ धाडले, कुठे? अँडीजमध्ये, जंगली झाडं शोधून साल काढायला. म्हणजे ऐंशी वर्षांचा फेरा मारून कुऱ्हाड परत त्याच डोंगरावर. शेवटी प्रयोगशाळेतल्या क्लोरोक्वीनने सिंकोनाची सुटका केली. 2020च्या वसंतात ज्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसाठी जग वेडं झालं, भारताने निर्यात थांबवली आणि जूनपर्यंत चाचण्यांनी सांगितलं की करोनावर याचा फायदा नाही, ते याच घराण्यातलं. त्यासाठी निदान झाड तोडावं लागत नाही.

सिंकोना आजही पेरूच्या राजचिन्हावर आहे, जंगलात मात्र चांगलं वाढलेलं झाड शोधावं लागतं. आणि गंमत बघा, स्प्रूसने नेलेला तोच लाल सालीचा सिंकोना इक्वाडोरच्याच गलापागोस बेटांवर 1940च्या दशकात कुणीतरी शेतात लावला. त्याचं बी वाऱ्याने उडतं. सांताक्रूझ बेटाच्या माथ्यावर, जिथे पूर्वी मोठं झाडच नव्हतं, तिथे त्याने हजारो हेक्टर व्यापले आणि स्थानिक झुडपं मारली. राष्ट्रीय उद्यानाची माणसं तिथे तो मुळासकट उपटतात, मोठ्या खोडांना घाव घालून तणनाशक भरतात. नुसता तोडून चालत नाही, बुंध्यातून परत फुटतो.